एकशे त्रेचाळीस रेघा

शाळेच्या नावनोंदणीसाठी शलाका म्हेत्रेनं पंधरा दिवस आधीपासून तयारी केली होती. जन्मदाखला, दत्तकाचा आदेश, लसीकरणाचं कार्ड, वीजबिल, भाडेकरार, तिघांचे फोटो, आणि सगळ्याच्या दोन-दोन झेरॉक्स. तिचा नवरा सिद्धाराम सोलापुरातच शहर बस चालवायचा. ती फुगलेली फाइल बघून त्यानं विचारलं होतं, की मुलगी शाळेत घालायची आहे का जमिनीचा दावा लावायचा आहे. शलाका हसली नव्हती. शिशुवर्गात जागा होत्या तीस, आणि मागच्या वर्षी अर्ज आले होते दोनशेच्या वर.

महापालिकेच्या या शाळेसाठी कधी रांग लागेल यावर दहा-बारा वर्षांपूर्वी कुणाचा विश्वास बसला नसता. तेव्हा तिचे अर्धे वर्ग बंद होते. मग शिशुवर्गाचं धोरण बदललं. लहान मुलांना शिकवण्यासाठी वेगळ्या तयार केलेल्या शिक्षिका आल्या, दुपारचं गरम जेवण आलं, झोपायला गाद्या आल्या, आणि सकाळी नऊ ते संध्याकाळी पाचपर्यंत मूल तिथं आनंदात राहू लागलं. खाजगी शाळांतून मुलं काढून लोक इकडे आणू लागले. शेजारच्या पेठेतली माणसं या भागात भाड्यानं खोल्या घेऊ लागली.

शलाकाला ही जागा हवी होती त्याला आणखी एक कारण होतं. ती टॉवेलच्या कारखान्यात यंत्रमागावर काम करायची. तिची पाळी दुसरी, सिद्धारामची पहिली. दुपारी दोन वाजता दारातच मुलीची, अबोलीची, देवाणघेवाण व्हायची, आणि नवरा-बायको एकमेकांशी धड बोलायचे ते फक्त रविवारी. त्या मार्चमध्ये कारखान्यानं तिला डिझाइन विभागात घ्यायचं ठरवलं होतं. फुलं, वेलबुट्ट्या, मोर, सगळं संगणकाच्या पडद्यावर काढायचं. नऊ वर्षं ती दुसऱ्यांची नक्षी विणत आली होती. पण त्या विभागात दिवसपाळीच होती, आणि जूनपासून रुजू व्हायचं होतं. अबोली शाळेत गेली तरच ते जमणार होतं.

नावनोंदणीच्या दिवशी मुख्याध्यापिका बिराजदारबाईंनी स्वतः फाइल तपासली. साठीला आलेल्या, आवाज मोठा, पण मुलांशी बोलताना एकदम खाली येणारा. सगळे कागद बरोबर आहेत, रांगेतल्या पहिल्या तिसांत आहात, म्हणाल्या आणि अबोलीला दात वाचायच्या खोलीत पाठवलं.

दात वाचणं हे तीन वर्षांपूर्वी सुरू झालं होतं. शाळेला मागणी वाढली तशी जन्मदाखल्यांवरच्या तारखाही सरकू लागल्या. ३१ डिसेंबरपर्यंत चार वर्षं पूर्ण हवीत असा नियम होता, त्यामुळे जानेवारी-फेब्रुवारीत जन्मलेली कितीतरी मुलं कागदावर डिसेंबरात जन्मू लागली. म्हणून महापालिकेनं दंतवाचक आणला. हातात मावेल एवढं यंत्र, पुढं एक मऊ रबरी तुकडा. मुलानं तो मागच्या दाढेखाली धरायचा आणि चाळीस सेकंद चावून ठेवायचा.

यंत्र चालवणाऱ्या नुसरत शेख तिशीतल्या होत्या. त्यांनी अबोलीला सांगितलं की मी दहा आकडे मोजते, तोवर सोडायचं नाही. अबोलीनं सोडलं नाही, उलट दहानंतर तिनं तोंडातल्या रबरासकट अकरा, बारा म्हणायचा प्रयत्न केला.

मग नुसरतनी अबोलीला बाहेर खेळण्यांपाशी बसवलं आणि शलाकाला खुर्ची दिली.

“तुमच्या दाखल्यावर दहा नोव्हेंबर आहे,” त्या म्हणाल्या. “दात अठरा जानेवारी म्हणतोय. फार तर दोन दिवस इकडे-तिकडे.”

शलाकाला आधी कळलंच नाही. मग तिनं मनात हिशेब केला. अठरा जानेवारी म्हणजे ३१ डिसेंबरनंतर अठरा दिवस. म्हणजे या वर्षी प्रवेश नाही.

तिनं दत्तकाचा आदेश पुढं ठेवला. हा कोर्टाचा कागद आहे, आम्ही कुठंही तारीख सरकवलेली नाही, असं ती म्हणाली. नुसरत म्हणाल्या की त्याबद्दल कुणालाच शंका नाही. त्यांनी सावकाश समजावून सांगितलं. झाडाच्या खोडात वर्षाला एक वलय वाढतं, तशी दातात दिवसाला एक रेघ वाढते. दुधाचे दात आईच्या पोटात असतानाच तयार व्हायला लागतात. मूल जन्मतं त्या दिवशी शरीराला एवढा मोठा धक्का बसतो की त्या दिवसाची रेघ ठळक उमटते. ती रेघ प्रत्येक माणसाच्या दुधाच्या दातात असते. तिच्यापासून आजपर्यंतच्या रेघा मोजल्या की वय मिळतं. मूल साधारण साडेतीन वर्षांचं होईपर्यंत मागच्या दाढेत ही वाढ चालू असते, म्हणून शिशुवर्गाच्या वयाला हे वाचन अगदी नेमकं येतं. अबोलीच्या जन्माच्या रेघेपासून रेघा कमी भरत होत्या. एवढंच.

पुढचा नियमही त्यांनी सांगितला. वाचन मान्य केलं तर जन्मदाखला दुरुस्त होईल, वाचनाची प्रत आयुष्यभर मुलीच्या नावावर राहील, आणि पुढच्या वर्षी तिची जागा पक्की. मान्य नसेल तर पंधरा दिवसांत हरकत घ्यायची. हरकत घेतली की जुना दाखला धरला जातो आणि मुलीला याच वर्षी प्रवेश मिळतो. पण मग वाचन पुसून टाकतात. दात वयापेक्षा खूप जास्त बोलतो, त्यामुळे कायदा याबाबत कडक होता. ज्या घराला वाचन मान्य नाही त्या घराचं वाचन कुठंच ठेवायचं नाही, नक्कलसुद्धा द्यायची नाही.

“बाकीचं वाचन ऐकायचंय का?” नुसरतनी विचारलं.

शलाका नको म्हणाली. तिला घरी जायचं होतं.

त्या रविवारी नवरा-बायकोनं हरकत घ्यायची ठरवलं. सिद्धारामच्या मते त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतं. दाखला खरा होता, कोर्टानं दिलेला होता, आणि सरकारनंच सोय ठेवली होती तर ती वापरायला काय हरकत. शलाकालाही ते पटलं. पण तिच्या मनात दुसरंच काही खुपत होतं.

अबोली त्यांच्याकडे आली ती दीड वर्षाची असताना. त्याआधी ती बालगृहात होती, आणि बालगृहात येण्यापूर्वी दहा जूनच्या सकाळी एका बस स्थानकाच्या बायकांच्या प्रतीक्षागृहात बाकावर सापडली होती. स्वच्छ धुतलेल्या दुपट्यात, शेजारी पाण्याची बाटली. चिठ्ठी नाही. तिथून तीन राज्यांना गाड्या जायच्या. पोलिसांनी शोध घेतला, जाहिराती दिल्या, कुणी आलं नाही. बालगृहाच्या डॉक्टरांनी तपासून लिहिलं होतं, अंदाजे वय सात महिने. त्यावरून दहा नोव्हेंबर ही जन्मतारीख ठरली.

त्या सात महिन्यांचा शलाकाला राग होता. जन्मल्या-जन्मल्या सोडलं असतं तर एक वेळ समजता आलं असतं, असं ती सिद्धारामला म्हणायची. सात महिने अंगाखांद्यावर खेळवलेलं मूल कुणी बाकावर ठेवून कसं जाऊ शकतं? अबोली घरी आल्यावर आठ दिवस सलग रडली होती. कडेवर घेतलं तरी रडायची, खाली ठेवलं तरी रडायची. त्या आठ दिवसांत शलाकानं त्या अनोळखी बाईला मनातल्या मनात काय काय बोलून घेतलं होतं. ती बाई कधी दारात आली तर तिला पाणीही विचारणार नाही, असं ती एकदा म्हणाली होती.

हरकतीचा अर्ज एकाच पानाचा होता. ‘सदर वाचन चुकीचे असून मला मान्य नाही’ असं वाक्य छापलेलं आणि खाली सहीची जागा. पण सही करण्याआधी पालकानं पूर्ण वाचन ऐकलंच पाहिजे असा नियम होता. जे पुसायचं ते काय आहे हे माहीत असायला हवं, म्हणून. सिद्धारामची फेरी संपायला अर्धा तास होता. शलाका एकटीच नुसरतसमोर बसली आणि म्हणाली, वाचा.

नुसरतनी संगणकाचा पडदा तिच्याकडे वळवला. राखाडी रंगावर बारीक समांतर रेघा, एखाद्या तलम कापडाचा ताणा असावा तशा. शलाकाला त्या ओळखीच्या वाटल्या. ताण्यातला तुटका धागा तिला लांबूनही दिसायचा. इथं तुटलेलं काही दिसत नव्हतं.

“ही जन्माची रेघ,” नुसरत म्हणाल्या. “आता हा निळा रंग बघा. हा बेरियम नावाच्या धातूचा आहे. अगदी अंशमात्र असतो. पोटात असताना तो बाळापर्यंत फारसा पोचत नाही. आईचं दूध सुरू झालं की वाढतो. डब्याचं दूध दिलं तर आणखी वाढतो, आणि त्याची ठेवणच वेगळी दिसते. त्यामुळे मूल कोणत्या दिवसापासून कोणत्या दिवसापर्यंत आईच्या दुधावर होतं, ते कळतं.”

निळा रंग जन्माच्या रेघेपासून सुरू होऊन एकसारखा पुढं गेला होता आणि एका जागी कापल्यासारखा थांबला होता.

“एकशे त्रेचाळीस दिवस,” नुसरत म्हणाल्या. “एकही दिवस चुकलेला नाही. वरचं काही दिलेलं नाही. अठरा जानेवारीपासून मोजलं तर एकशे त्रेचाळीसावा दिवस दहा जूनला येतो.”

म्हणजे अबोली सापडली तेव्हा सात महिन्यांची नव्हतीच. पावणेपाच महिन्यांची होती. शलाकानं विचारलं, मग डॉक्टरांची एवढी मोठी चूक कशी झाली?

नुसरतनी बालगृहाच्या नोंदीवर बोट ठेवलं. वजन लिहिलेलं होतं. त्या म्हणाल्या की या वजनाचं बाळ बघून कुणीही सहा-सात महिन्यांचं म्हटलं असतं. टाकून दिलेली मुलं बहुतेक वेळा वयापेक्षा लहान दिसतात. ही मोठी दिसली.

नुसरतनी थोडं थांबून विचारलं, पुढं वाचू का? शलाकानं मान हलवली.

“आता हा दुसरा, पिवळा रंग. हे शिसं. आपल्या सगळ्यांच्या हाडांत थोडं साठलेलं असतं. रंगातून, धुरातून लहानपणापासून येतं. बाळाला पाजणाऱ्या बाईला पोटभर खायला मिळालं नाही, किंवा अंगी लागलं नाही, तर शरीर तिची स्वतःची हाडं झिजवून दूध तयार करतं. मग हाडांतलं शिसंही दुधात थोडं उतरतं. मुलीला अपाय होईल एवढं नाही, तुम्ही घाबरू नका. पण शेवटचे चोवीस दिवस बघा, ते कसं चढत गेलंय.”

“ती उपाशी होती?”

“उपाशी होती, आजारी होती, की आणखी काही, ते दात सांगत नाही. मीही सांगणार नाही. एवढंच सांगते, की त्या चोवीस दिवसांत तिच्या अंगात फारसं काही जात नव्हतं. आणि त्याच चोवीस दिवसांतल्या मुलीच्या रेघा बघा. मूल एक दिवस जरी उपाशी राहिलं, तापानं फणफणलं, तरी त्या दिवसाची रेघ काळी पडते. इथं एकही काळी नाही.”

पहिली काळी रेघ होती ती एकशे त्रेचाळीसाव्या दिवशी. त्यानंतर डब्याच्या दुधाचा रंग सुरू होत होता. बालगृहातल्या वर्षभरात दोन-तीन फिकट काळ्या रेघा होत्या, तापाच्या असाव्यात. मग आणखी एक गडद पट्टा.

“हे काय?” शलाकानं विचारलं, पण विचारतानाच तिला कळलं होतं. ते आठ दिवस.

“ही तुमच्या घरी आली तेव्हाची,” नुसरत म्हणाल्या. “जागा बदलली की असं होतं. त्यात तुमचं काही चुकलं असं नाही.” मग त्यांनी पडदा पुढं सरकवला. पट्ट्यानंतरच्या रेघा पुन्हा एकसारख्या झाल्या होत्या आणि आजपर्यंत तशाच आल्या होत्या. “मी दिवसाला चाळीस दात वाचते. एवढ्या सरळ रेघा फार कमी बघायला मिळतात. आधीच्या तिच्या, आणि या तुमच्या.”

शलाकानं हरकतीचा कोरा अर्ज घडी घालून फाइलमध्ये ठेवला आणि नुसरतना म्हणाली, की उद्या येते. निघताना तिनं त्यांचा हात धरला. नुसरत म्हणाल्या, असू द्या.

सिद्धाराम गणवेशातच फाटकापाशी आला तेव्हा ती अंगणातल्या कट्ट्यावर बसली होती. अबोली घसरगुंडीवर होती. सही झाली का, असं त्यानं विचारलं. शलाकानं ऐकलेलं सगळं त्याला सांगितलं. ती मध्येच थांबायची, मग पुन्हा सुरू करायची.

“म्हणजे डॉक्टरला ती सात महिन्यांची वाटली,” शेवटी तो म्हणाला, “कारण तिनं हिला एवढं चांगलं पोसलं होतं.”

“हो. आणि त्याच्यामुळंच तारीख चुकली.”

“अर्जावर काय लिहून द्यायचं असतं?”

“हे वाचन चुकीचं आहे, असं.”

सिद्धारामनं डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. “आणि तुझं डिझाइनचं काम?”

“ते जाईल,” शलाका म्हणाली. “मला वाईट वाटेल. आत्ताच वाटतंय. पण इतके दिवस मी त्या बाईला शिव्या दिल्या, सिद्धाराम. आता तिनं केलेलं मी माझ्या हातानं खोटं म्हणून पुसू?”

तो म्हणाला, “नको. मग नकोच ते.”

दुसऱ्या दिवशी दोघांनी मान्यतेच्या कागदावर सह्या केल्या. बिराजदारबाईंनी अबोलीचं नाव पुढच्या वर्षीच्या यादीत पहिलं लिहिलं. वाचनाची छापील प्रत शलाकानं दोन कोऱ्या पुठ्ठ्यांमध्ये घालून कपाटात ठेवली.

ते वर्ष सोपं गेलं नाही. डिझाइन विभागातली जागा दुसऱ्या एकीला मिळाली. शलाका दुसऱ्या पाळीतच राहिली, आणि दुसऱ्या कुणी काढलेली कमळं विणताना काही दिवस तिचा जीव उदास व्हायचा. जूनमध्ये गल्लीतली मुलं दप्तरं घेऊन निघाली तेव्हा अबोली गॅलरीत उभी राहून विचारायची, मी कधी? तुझा वाढदिवस आम्हाला उशिरा कळला, म्हणून पुढच्या वर्षी, असं शलाका तिला सांगायची. त्यात खोटं काही नव्हतं.

पण घरात एक गोष्ट बदलली होती. पूर्वी अबोलीची वेणी घालताना, तिला भरवताना शलाकाला सतत वाटायचं की आपण कुणाचं तरी अर्धवट सोडलेलं काम निस्तरतोय. आता तसं वाटेनासं झालं. कुणीतरी एक काम जिवापाड सांभाळून तिच्या हातात दिलं होतं. मुलगी ताप आला तरी दोन दिवसांत उठून खेळायला लागायची, तेव्हा शलाका मनातल्या मनात त्या बाईचे आभार मानायची. आभार पोचवायला पत्ता नव्हता. तरी रोज एकदा तरी ती ते मानायची.

अठरा जानेवारीला त्यांनी पहिल्यांदा खऱ्या तारखेला वाढदिवस केला. दुपारी अबोलीला मांडीवर घेऊन शलाकानं तिला सांगितलं. माझ्याआधी तुला एक आई होती, तिनं तुला एकशे त्रेचाळीस दिवस तिचं दूध पाजलं, तुला एक दिवसही भूक लागू दिली नाही. आपल्याला कुठून आणलं हे अबोलीला आधीपासून माहीत होतं. हे नवं होतं.

“मी तिचं सगळं संपवलं का?” अबोलीनं विचारलं.

“नाही गं,” शलाका म्हणाली. “तू नाही संपवलंस. तिनं दिलं.”

अबोलीला ते पुरेसं वाटलं असावं. ती उतरून केक बघायला गेली. सिद्धारामनं शलाकासमोर चहा आणून ठेवला.

मार्चमध्ये पुन्हा नावनोंदणी आली. या वेळी त्यांना रांग नव्हती, नाव आधीच यादीत होतं. अर्जात मात्र त्या वर्षीपासून एक नवा रकाना आला होता. दातांच्या वाचनातून मुलांची पहिली वर्षं दिसू लागली होती, आणि कोण कोणाच्या हातात वाढलं हे शिक्षिकांना माहीत असावं असं ठरलं होतं. बिराजदारबाई संगणकापुढं बसून एकेक प्रश्न वाचत होत्या. वडिलांचं नाव, आईचं नाव, पत्ता. मग त्या नव्या रकान्यापाशी थांबल्या.

“पहिल्या वर्षात मुलीला सांभाळणाऱ्या व्यक्ती,” त्यांनी वाचलं. “काही लिहायचंय? सक्ती नाही.”

शलाकानं सिद्धारामकडे पाहिलं. मग ती म्हणाली, “लिहा. एक बाई. नाव माहीत नाही. अठरा जानेवारी ते दहा जून.”

बाईंनी तसंच लिहिलं. “पुढं नातं विचारलंय. काय लिहू?”

“आई,” शलाका म्हणाली.

बाईंनी चष्म्यावरून वर पाहिलं. वरच्या रकान्यात शलाकाच्या नावापुढं तोच शब्द आधीच लिहिलेला होता. त्यांनी खालच्या ओळीतही तोच शब्द लिहिला आणि अर्ज पुढं सरकवला.

“मुलगी घरून डबा आणणार, का शाळेतच जेवणार?”

“शाळेत जेवेल,” शलाका म्हणाली. “सगळं खाते ती.”